खालीच्या मात्रेवर त्याचं नाव

तुझा प्रश्न थोडक्यात असा. कॉलेजची चार वर्षं आणि पुढे चाकणच्या भाड्याच्या खोलीत तुझ्यासोबत राहिलेला मित्र गेल्या ऑगस्टमध्ये आत्महत्येने गेला. तू लहानपणापासून गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतोस. आठ महिने झाले, त्याच्यावर गाणं करायचं मनात आहे, पण मुखड्याच्या पुढे काही सरकत नाही: ‘का गेलास तू सोडून, एवढं काय दुखत होतं’. वर्षश्राद्धाला गाशील का, असं त्याच्या बहिणीने विचारलंय. तुला तीन गोष्टी हव्या आहेत. असं गाणं करणं बरोबर आहे का, त्यात त्याचं नाव घ्यावं का, आणि ते अडलंय कुठे.

अडलंय कुठे, तिथून सुरू करतो. तीस-पस्तीस वर्षं मी चाली लावतोय आणि हा अडथळा मला ओळखीचा आहे.

तू ‘का’ मुखड्यात बसवलायस. भजनात तू हजार वेळा पाहिलं असशील, कडवं कुठेही फिरून आलं तरी ध्रुवपदापाशी येऊन टेकावं लागतं. म्हणजे तुझ्या गाण्यातलं प्रत्येक कडवं फिरून त्या ‘का’पाशी येणार आणि दर खेपेला त्याला उत्तर मागणार. उत्तर तुझ्याकडे नाही. मग पेन दोनच गोष्टी करू शकतं. एखादं कारण रचतं, नोकरी, कर्ज, मुलगी, घरचे. नाहीतर कुणाला तरी आरोपी करतं. तुझ्या पत्राचा सूर बघता तो आरोपी तू स्वतःच असशील. तुझा हात थांबला कारण दोन्ही खोटं आहे हे त्याला आधी कळलं. आत्महत्येमागे कधी एकच कारण नसतं. मनाचा आजार, आतली कोंडी, बाहेरचे ताण, त्या घटकेची अवस्था, असं बरंच काही एकमेकांत गुंतलेलं असतं, आणि ज्याला ते सांगता आलं असतं तो आता नाही.

‘का’ काढून टाक असं मी म्हणत नाही. तो काढलास तर गाणं गुळगुळीत होईल. त्याची जागा बदल. तिसऱ्या कडव्यात एकदाच येऊ दे, उत्तर न देता, आणि लगेच मुखड्यावर परत ये. मग मुखड्यात काय ठेवायचं? त्याचं जगणं ठेव. हे सुचण्याआधी मी एक चूक केली होती, ती आधी सांगतो.

मी मिरजेचा. मिरासाहेब दर्ग्याच्या उरुसातल्या मैफली ऐकत आम्ही दोघं मित्र मोठे झालो, मी पेटीवर, तो तबल्यावर. १९९६ च्या फेब्रुवारीत तो गेला. पहिल्या स्मृतिदिनाला मी गाणं केलं. भैरवीत बांधलं होतं. पिंजरा होता, पाखरू होतं, पाखराने झेप घेतली होती आणि आकाश मोकळं होतं. सभागृह रडलं, मीही रडलो. कार्यक्रम संपल्यावर पेटीवर आवरण घालत होतो तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा जवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, “म्हणजे आता ते सुटले ना, काका?”

त्याने ज्या स्वरात विचारलं तो मला आजही ऐकू येतो. मी पेटी तशीच टाकली, त्याला बाहेरच्या पायरीवर बसवलं आणि सरळ विचारलं, तुझ्या मनात असे विचार येतायत का. हो म्हणाला. रात्री त्याला घरी पोचवायला गेलो, त्याच्या वडिलांशी बोललो, दुसऱ्या दिवशी ते त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले. तो आज संसारी माणूस आहे. पण ते गाणं मी पुन्हा गायलो नाही. माझ्या मित्राचा मृत्यू ही सुटका होती असं ते गाणं सांगत होतं, आणि ते ऐकणाऱ्या एकाला सुटका हवी होती.

म्हणून हात जोडून सांगतो, पिंजरा, पाखरू, चिरनिद्रा, तारा झाला, अनंताचा प्रवास, मुक्त झाला, हे सगळं दूर ठेव. यात वाईट काही नाही. नव्वदीची आजी चार वर्षं अंथरुणाला खिळून गेली तर ‘सुटली बिचारी’ यात मायाच असते. पण ती भाषा त्या मरणाची आहे. तुझ्या मित्राच्या मरणाला ती लावलीस की तिचा अर्थ फिरतो. उलट बाजूचे शब्दही नकोत: हरला, पळाला, भ्याड. ते ऐकताना त्याच्या आईचा चेहरा कसा होईल याची कल्पना कर.

‘आत्महत्या केली’ हा शब्दप्रयोगही मी गाण्यात टाळतो. त्यात ‘हत्या’ आहे आणि ‘केली’ आहे, दोन्ही गुन्ह्याच्या बाजूला झुकतात. आपल्याकडे कायदासुद्धा आता त्या बाजूला नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच मानून चाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ राहिलेलंच नाही. भाषा मात्र अजून तिथेच आहे, आणि बातम्यांत रोज ‘आयुष्याला कंटाळून’ छापून येतं, जणू वार्ताहराला आतलं सगळं ठाऊक आहे. गाण्याला ‘गेला’ हे क्रियापद पुरतं. त्यात खोटं काही नाही.

आता जगणं कसं गोळा करायचं ते सांगतो. जात्यावर बसलं की ओवी सुचते, ही म्हण आपण उठसूट वापरतो, पण तिचा पहिला अर्थ साधा आहे. हात कामात असले की बोलता न येणारं बोललं जातं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यातल्या जमतील तेवढ्या ऐक. दळणारी बाई ‘मला दुःख झालंय’ असं क्वचितच म्हणते. ती वाट सांगते, लुगडं सांगते, कुणाच्या अंगणात काय होतं ते सांगते, आणि दुःख आपोआप ऐकणाऱ्याच्या पदरात पडतं. मेलेल्या माणसावर मराठीत गाणं कसं करावं हे मला कुठल्याही पुस्तकापेक्षा या बायकांनी जास्त शिकवलं.

तेव्हा तूही आधी हाताने काही कर. भांडी घास, कपड्यांना इस्त्री कर, पेटीची धूळ पूस. मग वही घेऊन पंधरा मिनिटं लिही. असे आठ-दहा दिवस. नियम एकच, डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं तेवढंच लिहायचं. ‘आठवण’, ‘अश्रू’, ‘वेदना’, ‘पोकळी’ हे शब्द वहीत येऊ द्यायचे नाहीत. ते भरीचे शब्द आहेत, कुणाच्याही गाण्यात बसतात, म्हणून तुझ्या मित्राच्या गाण्यात नकोत.

तुझ्या पत्रातच दोन गोष्टी पडून आहेत आणि त्या तुझ्या लक्षात आल्या नाहीत. एक, त्याला कायम उशीर व्हायचा, कंपनीची बस चुकायची, आणि त्याचा चहा तू बशीने झाकून ठेवायचास. त्यावर साय धरायची आणि मग त्यावरून भांडण. दुसरी, शेवटच्या संध्याकाळी दारातून तो म्हणाला, “चल, येतो.”

आपल्याकडे निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत. चुकून म्हटलं तर घरातलं कुणीतरी टोकतं, ‘येतो म्हण’. तो तसंच म्हणाला, रोज म्हणायचा तसं. यापेक्षा चांगला मुखडा मी तुला देऊ शकत नाही:

येतो म्हणालास ना रे,
चहा झाकून ठेवला…

अक्षरं मोजून बघ, आठ आणि आठ. भजनी ठेक्यात किंवा केहरव्यात, दोन्ही आठ मात्रांचे, एका मात्रेला एक अक्षर घातलंस तरी बसतं, ओढाताण होत नाही. आणि बघ, यात ‘का’ आहे, राग आहे, माया आहे, पण यातलं काहीच उत्तर मागत नाही. पहिलं कडवं हसरं होऊ दे, त्याच्या उशिराचं. ‘साडेआठची गाडी रे, तुझी पावणेनऊला’, असं काहीतरी. लोक हसले पाहिजेत. शोकसभेत हसू आलं की तो माणूस खोलीत आल्यासारखा वाटतो. दुसऱ्या कडव्यात भांडण. तिसऱ्यात तुझा ‘का’. चहाच्या त्याच दोन ओळी तीन वेळा येतील आणि शब्द न बदलता तिन्ही वेळा वेगळ्या लागतील. हे काम चालीवर सोपव, शब्दांनी ते करायला जाऊ नकोस.

रागाबद्दल तू विचारलं नाहीस, पण तो आहे. ‘त्याने मला काहीच सांगितलं नाही’ हे वाक्य पत्रात चार वेळा आलंय. रागावणं पाप नाही. वहीत हवं तेवढं रागाव. गाण्यात घेताना मात्र तो त्याच्याशी बोल, त्याच्याबद्दल लोकांशी बोलू नकोस. ‘तू मला सांगितलं नाहीस’ हे मित्राचं भांडण आहे. ‘त्याने सांगितलं नाही’ म्हणालास की ती तक्रार होते.

आणि त्या रात्रीचा मिस्ड कॉल. त्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, अगदी शेवटी, जवळजवळ विसरल्यासारखी. मला वाटतं, पत्र त्या ओळीसाठीच लिहिलंस.

तो कॉल उचलला असता तर काय झालं असतं, हे कुणालाच सांगता येणार नाही. काहीच बदललं नसतं असं सांगून तुझं समाधान करणं मला जमणार नाही, तुला ते पटणारही नाही. पण एवढं सांगतो, तू झोपला होतास. आज तुला जे माहीत आहे ते त्या रात्री तुला माहीत नव्हतं. मागे वळून पाहताना प्रत्येक खूण ढळढळीत दिसते. पुढे चालताना ती रोजच्या शंभर गोष्टींतली एक असते. माझ्या मित्राने जाण्याआधी आठवडाभर माझ्याकडून एक ताल-ठेक्यांचं पुस्तक परत मागितलं होतं. ते आता मला ‘खूण’ वाटतं. तेव्हा ते फक्त पुस्तक होतं.

हा कॉल गाण्यात घालू नकोस, निदान या गाण्यात तरी नाही. तो घातलास तर गाणं म्हणजे तुझा कबुलीजबाब होईल आणि वर्षश्राद्धाला जमलेल्या माणसांना न्यायाधीश व्हावं लागेल. त्याच्या आईलाही. तो एखाद्या जित्या माणसाला सांग. तोंडाने, समोर बसून. असा मित्र गमावलेल्या माणसाच्या स्वतःच्या मनातही तसे विचार येण्याचा धोका वाढतो, हे या विषयात काम करणारे डॉक्टर सांगतात, आणि मी स्वतः १९९६ च्या पावसाळ्यात त्याच्या जवळून गेलोय. तुला रात्री झोप नसेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर गाणं बाजूला ठेव आणि १४४१६ वर फोन कर. तो केंद्र सरकारचा टेलि-मानस आहे, २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. गाणं हे औषध आहे असं मी कधीच कुणाला सांगत नाही. मला गाण्याने उचललं, पण त्याआधी एका डॉक्टरने उचललं होतं.

चालीचं थोडं. शिवरंजनी आणि भैरवी या रागांकडे हात आपोआप जाईल, तो आवर. त्या सुरांनी लोक रडतात, पण कुणासाठी रडतायत हे त्यांना कळत नाही. तो काय गुणगुणायचा, कुठल्या पट्टीत गायचा, ते आठव आणि तिथून उचल. चाल साधी ठेव, भजनी मंडळातल्या माणसाला दुसऱ्या खेपेला मागून म्हणता यावी इतकी. तू नेहमी काळी चारमध्ये गात असशील तर हे गाणं काळी दोनमध्ये, म्हणजे खालच्या पट्टीत घे. रडू आलं की गळा आवळतो आणि वरचे सूर पहिले जातात, हा शरीराचा भाग आहे, त्याला रियाझाने जिंकता येत नाही. प्रत्येक ओळीनंतर श्वासाला जागा सोड. सोबत एक जण घे ज्याला शब्द पाठ आहेत. तू थांबलास तर तो उचलेल, आणि दोघंही थांबलात तर पेटी वाजत राहील. मी असं पाहिलंय. तेव्हा कुणीही मध्ये बोलत नाही.

आता नावाचं. केहरव्याच्या आठ मात्रांत पाचवीला ‘खाली’ म्हणतात. तिथे डग्ग्याचा, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या डाव्याचा, घुमारा थांबतो. माझा मित्र शिकवताना म्हणायचा, खालीला डग्गा दाबा, कान आपोआप तिकडे जातो. पाखराचं गाणं टाकून दिल्यावर नऊ वर्षांनी, २००६ मध्ये, मी त्याच्यावर दुसरं गाणं केलं. त्याच्या शेवटच्या ओळीत पाचव्या मात्रेपासून तीन मात्रा रिकाम्या सोडल्या. तिथे त्याचं तीन अक्षरी नाव बसतं. मी ते म्हणत नाही, ठेका चालू राहतो. पहिल्यांदा गायलो तेव्हा त्याची आई पुढे बसली होती. खाली आली आणि तिने ते नाव हळूच, लयीत घेतलं. नऊ वर्षांत चारचौघांत तिने ते घेतलेलं मी ऐकलं नव्हतं.

तू नाव घेशील की जागा ठेवशील, हे तू एकटा ठरवू नकोस. त्याच्या आईला विचार. बहीण हो म्हणाली म्हणजे घर हो म्हणालं असं होत नाही. अशा मरणानंतर घरं फार वेगवेगळ्या वेगाने बोलायला लागतात, आणि काही घरांत नातेवाइकांना अजून ‘हार्ट अटॅक’ सांगितलेलं असतं. तसं असेल तर तुझं गाणं ते उघडं पाडू शकत नाही, तो हक्क तुझा नाही. तो कसा गेला, कुठे गेला, शेवटचा मेसेज काय होता, यातलं एक अक्षरही गाण्यात नको. घरच्यांसाठी नको, आणि ऐकणाऱ्यांत माझ्या त्या मुलासारखा कुणी असेल त्याच्यासाठीही नको. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ माणसं अशी गेली, त्यातली २२,७४६ महाराष्ट्रातली, इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. तू जिथे गाशील तिथे आतून खचलेलं कुणीतरी बसलेलं असेल, असं धरूनच गा.

गाण्याने नेहमी वाईटच होतं असं समजू नकोस. २०१७ मध्ये अमेरिकेत लॉजिक नावाच्या रॅपरने तिथल्या हेल्पलाइनचा नंबर हेच नाव असलेलं गाणं काढलं. त्यातला माणूस मरणाच्या विचारापासून सुरू होतो, फोन करतो, कुणीतरी ऐकून घेतं, आणि तो जगायचं ठरवतो. त्या गाण्याची सर्वाधिक चर्चा होती त्या ३४ दिवसांत हेल्पलाइनला अपेक्षेपेक्षा ९,९१५ फोन जास्त आले आणि आत्महत्यांची संख्या अपेक्षेपेक्षा २४५ ने कमी राहिली, असा अभ्यास २०२१ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. तुझं गाणं तसं नाही, ते मागे राहिलेल्याचं आहे, आणि मी त्याच्यावर तसलं ओझं टाकणार नाही. फक्त गाऊन झाल्यावर दोन वाक्यं बोल: कुणाला त्रास होत असेल तर मला भेटा, किंवा १४४१६ ला फोन करा. आणि खरोखर तासभर तिथे थांब.

रेकॉर्डिंग इन्स्टाग्रामवर टाकायचं का, हे वर्षश्राद्धाच्या दिवशी ठरवू नकोस. कुणी मोबाइल वर केला तर नम्रपणे खाली करायला सांग. पहिल्यांदा ते त्या खोलीपुरतं असू दे.

तारखेचीही भीती बाळगू नकोस. ऑगस्टपर्यंत गाणं झालं नाही तर तो खोलीत जो अभंग म्हणायचा तो म्हण, त्याच्या चुकलेल्या जागांसकट. पाखराचं गाणं टाकल्यावर माझ्या दुसऱ्या गाण्याला नऊ वर्षं लागली, आणि त्यातली पहिली दोन मी पेटी उघडलीच नव्हती.

असं गाणं करावं का, या तुझ्या प्रश्नाला मी सरळ उत्तर दिलं नाही, ते आता देतो. कर. सहानुभूती मिळवायला नको, त्याला समजून घेतल्याचा दावा करायला नको. तो चहा प्यायचा, बस चुकवायचा, भांडायचा, हे कुणीतरी सुरात धरून ठेवायला हवं म्हणून कर. त्याच्या जाण्याबद्दल सगळे दबक्या आवाजात बोलतील. त्याच्या साडेआठच्या बसबद्दल बोलणारा तूच आहेस.

मुखडा आणि पहिलं कडवं झालं की त्याच्या घरी जा. त्या दिवशी पेटी नेऊ नकोस, वही ने. चाल न लावता, नुसत्या बोलण्यासारखं वाचून दाखव, आणि काकू ज्या शब्दावर थांबतील तो खोडून टाक. त्या काही सांगायला लागल्या तर वही बंद कर आणि ऐक. तो लहान असतानाचा एखादा उशीर त्यांच्याकडे असेल, तो तुझ्या दुसऱ्या कडव्यापेक्षा चांगला निघेल. चहा दिला तर पिऊन ये, आणि निघताना ‘येतो’ म्हणताना अडखळलास तरी चालेल, त्याही अडखळतील.